रेडिएटरची वरची नळी सारखी सुटते : मारुती ८००, इंदूर, कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२४, शनिवार

गाडी १९९८ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, एमपी ०९ पासिंग. रेडिएटरची वरची नळी इंजिनाकडच्या टोकाला सुटते. रेडिएटरकडचं टोक आजवर हललेलंही नाही. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पाण्याचा दाब नळीच्या दोन्ही टोकांना सारखाच असतो. त्यातलं एकच सुटत असेल तर त्या टोकाला काहीतरी वेगळं घडतंय.

आतापर्यंत ज्या ज्या गॅरेजात गाडी गेली तिथे सगळ्यांनी क्लिपलाच दोष दिला. कुणी क्लिप बदलली, कुणी जुनीच्या शेजारी आणखी एक आवळली. एकाने दोन्हींच्या खाली सिलिकॉन चोपडलं आणि जाता जाता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह, तोच काढून टाकला. “वॉल निकाल दिया भिया, अब गरम नहीं होगी.” गाडी गरम होते अशी आमची तक्रारच नव्हती. शेवटच्या ठिकाणी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं म्हणून सांगितलं आणि बारा हजारांचा अंदाज हातात ठेवला.

आई-बाबा या गाडीने ओंकारेश्वरला जातात. मागच्या खेपेला बडवाहच्या अलीकडे चहाला थांबले, गाडी बंद केली आणि नळी सुटली. बाबा बॉनेट उघडायला निघालेच होते, आईने हात धरला म्हणून बरं. उकळतं पाणी अंगावर आलं असतं. तेव्हापासून गाडी गावाबाहेर न्यायची नाही असं मी घरात सांगून ठेवलं आहे. नळी पक्की बसल्याची माझी खात्री होईपर्यंत ते तसंच राहील.

नळी सुटते ती बहुतेक वेळा गाडी बंद केल्यावर, मिनिट-दोन मिनिटांत. कारण सरळ आहे. इंजिन बंद झालं की वॉटर पंप थांबतो, पण हेड तापलेलंच असतं. तिथलं पाणी जागच्या जागी आणखी तापतं आणि दाब चढतो. तेव्हा ‘चालताना तर ठीक असते’ यावर विसंबू नका. गाडी थांबल्यावर बघा.

७ एप्रिल, रविवार

सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, नळी काढली. दोन्ही क्लिपा इतक्या आवळलेल्या होत्या की पट्टीच्या खाचांमधून रबर वर आलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, याहून घट्ट काय असणार? पण स्क्रू सैल केल्याबरोबर नळी दोन बोटांनी निघून आली. २५ वर्षांच्या गाडीची नळी नीट बसलेली असेल तर ती चिकटून बसते, पिळून सोडवावी लागते.

नळीच्या तोंडात बोट घातलं तर बोट तेलकट झालं. रबर मऊ पडलं होतं, कड फुगली होती, नखाने दाबलं की खळगा राहत होता. तेल कुठून येतंय ते शोधायला वर बघितलं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग झिरपतंय आणि ओघळ उतरून नळीवर येतोय. रेडिएटरच्या नळ्या बहुतेक ईपीडीएम रबराच्या असतात. ते रबर उष्णता आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण इंजिन ऑइल त्याला सोसत नाही. फुगतं, मऊ पडतं. अशा नळीवर क्लिप जितकी आवळाल तितकं रबर बाजूला सरकतं.

मग एल्बो. थर्मोस्टॅटवरचं ॲल्युमिनियमचं कव्हर, ज्याच्या तोंडावर नळी चढते, त्याला आपल्याकडे एल्बोच म्हणतात. त्यावर सिलिकॉनचे थरावर थर होते. प्लॅस्टिकच्या पट्टीने ते खरवडून काढले. ब्लेड लावू नका, ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांतून पाणी वाट काढतं. सिलिकॉनखाली पांढरी भुकटी, आणि भुकटीखाली खड्डेच खड्डे. तोंडाच्या टोकाला चहूबाजूंनी जी उठलेली कड असते, जिच्यामागे क्लिप अडकते, ती अर्ध्या घेरात उरलीच नव्हती. खालच्या बाजूला तर बोट फिरवलं तरी कड लागेना.

रेडिएटरच्या तोंडाची कड शाबूत आहे. एकच टोक का सुटतं याचा उलगडा झाला. नळी दाबाविरुद्ध धरून ठेवायचं काम मुळात ती कड करते. क्लिप फक्त रबराला कडेमागे दाबून ठेवते. कड नसेल तर क्लिप कितीही महागाची आणा.

खड्डे का पडले हे बाबांना विचारलं. “बोरिंगचंच पाणी टाकत आलो रे इतकी वर्षं. कूलंट कशाला म्हणायचे सगळे.” इंदुरात बोरिंगचं पाणी किती जड असतं ते गिझरची कॉइल बघितलेल्या कुणालाही ठाऊक आहे. बादलीला पांढरा थर चढवणारं पाणी इंजिनात घालू नये. नर्मदेचं नळाचं पाणी त्यामानाने बरं, पण तेही नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढंच.

९ एप्रिल, पाडवा

दुकानं बंद, घरी निवांत वेळ. जुनीच नळी तात्पुरती चढवून दाबाची बाजू तपासली. नळीला धरून ठेवणारं काय बिघडलं ते कळलं होतं. पण तिला ढकलणारंही काही जास्त आहे का, हे बघितल्याशिवाय सामान आणण्यात अर्थ नव्हता.

आधी हेड गॅस्केट, कारण बारा हजारांचा प्रश्न. इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी काठोकाठ भरलं आणि गाडी चालू केली. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आणि तोंडाशी बुडबुडे थांबता थांबत नाहीत. वास घेतला तर धुराचा येतो. इथे सुरुवातीला अडकलेली हवा निघाली, थोडे बुडबुडे आले आणि थांबले. ॲक्सिलरेटर दाबून धरला तरी पुन्हा आले नाहीत. नंतर झाकण लावून, पुन्हा थंड इंजिनावर, नळी हातात धरून ठेवली. गॅस्केट गेलेल्या गाडीत इंजिन तापायच्या आधीच, मिनिटभरात, नळी दगडासारखी कडक होते. इथे नळी मऊच होती. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. हेड उघडायची गरज नाही.

मग रेडिएटरचं झाकण. पालथं करून वाचलं तर त्यावर १.१. बाबांनी मूळ झाकण टूलकिटच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, त्यावर ०.९. मधल्या काळात कुणीतरी दुसऱ्याच गाडीचं झाकण बसवलंय. हे आकडे किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये असतात. हिशोब करून बघा. एल्बोचं तोंड माझ्या कॅलिपरवर २८ मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सहा चौरस सेंटीमीटरहून थोडं जास्त. ०.९च्या झाकणाला नळीवर साडेपाच किलोचा जोर येतो, १.१च्या झाकणाला पावणेसात किलोचा. शाबूत कड दोन्ही पेलते. तेलकट आणि विनाकडेच्या तोंडावर तो सव्वा किलो महागात पडतो.

याच झाकणात आणखी एक दोष निघाला. मधोमध छोटी चकती असते, गाडी थंड होताना ती उघडते आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत आत घेते. ती गंजून चिकटली होती. बाबा म्हणाले, सकाळी नळी चपटी झालेली दिसायची. कारण हेच, आत पोकळी तयार होते आणि नळी आत ओढली जाते. रात्री चपटी, दिवसा फुगलेली, असं रोज झालं की नळीची पकड आणखी सैल होते. तुमची नळी सकाळी चपटी दिसत असेल तर सर्वांत आधी झाकण बदला.

झाकण तापलेल्या गाडीवर कधीही उघडायचं नाही. इंदूरच्या उंचीवर, साडेपाचशे मीटरवर, उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९च्या झाकणाखाली तेच पाणी ११५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून वर येतं. वरची नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

१३ एप्रिल, शनिवार

छोटी ग्वालटोली, इंदूरचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. नमुना म्हणून जुनी नळी आणि एल्बो पिशवीत घेऊन गेलो. हे करा. गाडीचं नाव सांगून मिळालेली नळी आणि गाडीला बसणारी नळी यांत फरक पडू शकतो. पहिल्या दुकानात सरळ नळी दाखवली, “मोड़ के लगा दो, चल जाएगी.” वाकवून बसवलेली सरळ नळी कायम सरळ व्हायला बघते आणि टोकाला ओढ देत राहते. घेतली नाही. पुढच्या दुकानात साच्यात घडवलेली, योग्य वळणाची मिळाली, २४० रुपये. झाकण ०.९चं, १६०. मूळ झाकणाचं रबर कडक झालं होतं, ते परत वापरण्यासारखं नव्हतं. थर्मोस्टॅट ३५०, टॅपेट कव्हरचं पॅकिंग १२०.

क्लिपा दोन, प्रत्येकी ४०. पट्टीला आरपार खाचा असलेली क्लिप घेऊ नका, ती रबर कापते. खाचा फक्त बाहेरून दाबलेल्या आणि आतून सपाट अशी मिळते, ती घ्या. मापही बघा. मोठी क्लिप लहान नळीवर आवळली की अंडाकृती होते आणि दोन बाजूंना सैल राहते.

नवा एल्बोही मिळाला, १८० रुपये. काउंटरवर बरा वाटला.

१४ एप्रिल, रविवार

एल्बोचे पैसे पाण्यात गेले. घरी उजेडात बघितलं तर त्याच्या तोंडाला कड नावापुरती, आणि साच्याच्या जोडाची रेघ तोंडावर उभी उठलेली. कॅलिपरने मोजलं तर तोंडाचा व्यास जुन्याहून पाऊण मिलिमीटर कमी. परत करायला गेलो नाही, पण तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच मोजून घ्या.

जुन्या एल्बोवर नवी नळी, नवी क्लिप आणि नवं झाकण एवढ्यावर भागतंय का, हे मला बघायचं होतं. कारण बहुतेक जण इथेच थांबतात. नळी बसवली आणि तिच्या कडेला लागून एल्बोवर पांढऱ्या मार्करने रेघ मारली. ही रेघ या सगळ्या कामातलं सर्वांत उपयोगी हत्यार आहे. नळी अचानक सुटत नाही, ती आधी सरकते, आणि रेघ ते दाखवते.

बायपासवर फेरी मारून आलो, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबलो. पाण्याचा थेंब नाही. पण रेघ आणि नळीची कड यांच्यात चार मिलिमीटर फट. आणखी थोडं चालवलं असतं तर नळी पुन्हा बाहेर आली असती. नव्या सामानाने फक्त वेळ मिळतो, दुखणं जात नाही.

बॉनेट उघडंच होतं म्हणून बाबांना गाडीत बसवलं आणि ॲक्सिलरेटर झटक्याने दाबून सोडायला सांगितलं. इंजिन पुढे-मागे चांगलंच हेलकावत होतं. या गाडीचं इंजिन आडवं बसतं, त्यामुळे त्याचा हेलकावा रेडिएटरच्या दिशेनेच येतो. म्हणजे प्रत्येक गिअरला नळीला एक हिसका. टॉर्च लावून खाली बघितलं तर इंजिन ज्यांवर बसतं त्या माउंटिंगपैकी एकाचं रबर फाटून लोखंडापासून सुटलं होतं.

२० एप्रिल, शनिवार

जुना एल्बो आर्गन वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने तो आधी हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, “सिलिकॉन पूरा साफ नहीं है, उबाल आएगा.” मला वाटत होतं मी सगळं काढलंय. त्याने गॅसच्या ज्योतीवर एल्बो धरला तर खड्ड्याखड्ड्यांतून पांढरा धूर निघाला. तारेच्या ब्रशने घासायचं, परत तापवायचं, धूर निघणं बंद होईपर्यंत त्याचं हेच चाललं. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये घाण राहिली की आत बुडबुडे राहतात आणि तिथून पाणी पाझरतं. मग त्याने तोंडाच्या टोकाला चौफेर धातू भरला आणि खालच्या बाजूचे खोल खड्डेही बुजवले.

तिथून शेजारच्या खरादवर, म्हणजे लेथवर. एल्बो वाकडा असतो, चकमध्ये सरळ बसत नाही. खरादवाल्याने लाकडाचा गट्टू ठोकून आतून आधार दिला आणि तोंड मध्यात आणायला सर्वांत जास्त वेळ घेतला. कापणं पाच मिनिटांचं होतं. गोलाई आली, टोकाला दीड मिलिमीटर उंचीची कड राहिली. कडेचा पुढचा उतार त्याने कानशीने गोल केला, म्हणजे नळी चढताना आतून कापली जाऊ नये. मागची बाजू उभी ठेवली, तिथेच तर नळी अडकायची आहे. असं काम मला घरी कधीच जमलं नसतं. वेल्डिंग आणि खराद मिळून ४००. सांगितलेल्यापेक्षा जास्त देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

२१ एप्रिल, रविवार

जोडणी. माउंटिंग ४५० रुपयांचं, बदलायला सकाळ गेली. जॅक थेट लोखंडी चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) लावू नका, मधे लाकडाची फळी ठेवा, नाहीतर चेंबरला पोच येतो. टॅपेट कव्हर काढून पॅकिंग बदललं, बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. हे कव्हर जोर लावून आवळलं की वाकतं आणि मग नवं पॅकिंगही झिरपतं.

थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तपासला. त्यावर ८२ कोरलंय आणि थर्मामीटर ८२-८३ दाखवत असताना तो उघडू लागला. आईचं पातेलं होतं, ते आता गॅरेजचं झालं, नवं आणून दिलं आहे. थर्मोस्टॅटशिवाय गाडी चालवायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जळतं, आणि चढावर गरम व्हायचं असेल तर ते होतंच. बसवताना हवेचं छोटं छिद्र वरच्या बाजूला.

एल्बो आणि नळी दोन्ही साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडी केली. चढवताना फक्त कूलंटचं बोट फिरवलं. तेल नाही, ग्रीस नाही, सिलिकॉन नाही. ओलं सिलिकॉन रबराला घसरगुंडी करून देतं आणि सुकल्यावर दाबाखाली सोलून निघतं. नळी कडेच्या पलीकडे पूर्ण ढकलली. क्लिप कडेच्या मागे, नळीच्या टोकापासून चार मिलिमीटर आत. क्लिप कडेवर बसली तर ती घसरते आणि नळीला बरोबर घेऊन येते. एका टोकाला एकच क्लिप. पेचकसऐवजी सॉकेटने आवळली आणि रबर पट्टीच्या कडांशी जरा फुगल्यावर थांबलो. शेवटी पांढरी रेघ.

कूलंट ३२० आणि डिस्टिल्ड वॉटर १००, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. हीटरचा कंट्रोल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, नळी दाबून दाबून हवा काढली, पातळी उतरेल तसं भरत राहिलो. पंखा आपोआप लागला आणि थांबला, मग झाकण लावलं.

२२ एप्रिल, सोमवार

ऑफिसला जायच्या आधी थंड इंजिनावर क्लिप पाव फेरा आणखी आवळली गेली. नवं रबर पहिल्या तापण्यानंतर बसतं, त्यामुळे ही फेरी चुकवू नका. रेघ जागेवर. नळी गोल, चपटी नाही.

४ मे, शनिवार

खरी परीक्षा. सिमरोलहून भेरू घाट उतरून बडवाहपर्यंत आणि परत घाट चढून. ऊन चाळिशीच्या पुढचं, मुद्दाम दुपारी निघालो. गाडीत मी आणि बाबा. परतीच्या चढावर ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागलं, इंजिनाला यापेक्षा वाईट वागणूक देता येत नाही. तापमानाचा काटा अर्ध्याच्या जरासा वर गेला आणि तिथेच राहिला.

घाट संपल्यावर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद केली. वेळ लावून वीस मिनिटं थांबलो. मला याच वेळेची धास्ती होती. बॉनेट दुरूनच, फडक्याने उघडलं. नळी कडक होती, तशी ती असायलाच हवी. बाबा वाकून रेघ बघत होते. “हललीच नाही रे.” खरंच हलली नव्हती. एल्बोच्या खाली कोरडं, टॅपेट कव्हरच्या खाली कोरडं. बाटलीतली पातळी वर चढलेली होती आणि घरी थंड झाल्यावर खुणेवर परत आली, म्हणजे झाकण दोन्ही बाजूंनी काम करतंय.

गाडी गावाबाहेर न्यायची बंदी उठवली.

१९ मे, रविवार

आई-बाबा ओंकारेश्वरला जाऊन आले. रेघ जागेवर.

खर्च, वाया गेलेल्या एल्बोसकट, २,४०० रुपये. सर्वांत जास्त वेळ गेला तो एल्बोपायी. आधी बाजारचा आणला, मग आर्गनवाला रिकामा मिळेपर्यंत शनिवारची वाट बघितली. पुन्हा असं काम निघालं तर पहिल्याच दिवशी नळी काढून कड बघेन आणि थेट खरादवर जाईन.

खालच्या नळीवरही तेलाचे जुने डाग आहेत, रबर अजून कडक आहे पण टोकाला बारीक चिरा दिसू लागल्या आहेत. तीही साच्यातलीच सांगून ठेवली आहे. पंपाकडच्या तोंडाची कड कशी आहे ते नळी काढल्यावर कळेल. तोवर तिथेही पांढरी रेघ मारली आहे, आणि दर रविवारी ती बघायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं आहे.